चढताना चौदा दिवस, उतरताना दीड तास

सकाळी लेहच्या विमानतळावर अंगात कपड्यांचे तीन थर, डोक्याला लोकरी टोपी. दुपारी दिल्लीत जॅकेट हातावर आलेलं. संध्याकाळी पुण्यात लोहगाव विमानतळाच्या बाहेर रिक्षा, हॉर्न आणि कुणाच्या तरी फोनवर मोठ्याने चाललेली रील. दारात सासूबाई भाकरतुकडा ओवाळून टाकतात, नवरा बॅग आत घेतो आणि सहा वर्षांची लेक त्याच्या पायांमागे जाऊन उभी राहते. "अगं, आई आली ना?" "माहितीये," ती म्हणते आणि तिथेच राहते.

हे कुटुंब मी उदाहरणापुरतं उभं केलंय. आई सैन्यात डॉक्टर, हुद्दा मेजर. पूर्व लडाखमध्ये पंधरा हजार फुटांच्या वर, एका वैद्यकीय तुकडीत दोन वर्षं काढून ती आता पुण्याच्या कमांड हॉस्पिटलला बदलून आली आहे. वडील बँकेत, घर वानवडीत. आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज, म्हणजे एएफएमसी, १९४८ पासून पुण्यातच असल्यामुळे वानवडी, घोरपडी, खडकीच्या पट्ट्यात अशी घरं काही नवलाची नाहीत. शेजाऱ्यांना कोडं पडतं ते वेगळंच. बाई सुखरूप आली, आता सगळे एकत्र आहेत, मग महिन्याभरात या घरात कुरकुर कसली सुरू झाली?

फील्ड आणि पीस

सैन्यातल्या बदल्या ढोबळमानाने दोन जातींच्या. 'पीस' म्हणजे शांत ठिकाणची. तिथे क्वार्टर मिळतं, मुलांची शाळा असते, कुटुंब सोबत राहतं. 'फील्ड' म्हणजे सीमेवरची, उंचावरची किंवा जिथे प्रत्यक्ष कारवाई चालू आहे तिथली. तिथे कुटुंब नेता येत नाही. फील्डची मुदत साधारण दोन वर्षांची. मध्ये रजा असते. अधिकाऱ्याला वर्षाला साठ दिवस वार्षिक आणि वीस दिवस किरकोळ रजा मिळते, पण कागदावर. प्रत्यक्षात ती कधी पदरात पडेल हे बर्फ, सीमेवरचं वातावरण आणि जागेवर बसायला दुसरा डॉक्टर आहे की नाही यावर ठरतं. दिवाळीचं तिकीट काढून ते रद्द करणं हा या घरांमधला नेहमीचा कार्यक्रम.

आधी शरीराचं बघू

मनाचं नंतर. शरीराची गोष्ट सोपी आहे आणि ती कळली की पुढचं आपोआप कळतं.

अठरा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळपास निम्मा असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही निम्माच. १९६२ च्या चीन युद्धाच्या सुमारास मैदानी मुलखातले जवान घाईघाईने डोंगरावर चढवले गेले आणि गोळी न लागताही आजारी पडू लागले. डोकेदुखी, उलट्या, फुप्फुसात पाणी. सैन्यातल्या डॉक्टरांनी अशा १,९२५ जवानांच्या नोंदी तपासल्या. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि उंचीवरच्या आजारांचा विषय निघाला की आजही त्याचं नाव निघतं.

आता सैन्यात पक्का तक्ता आहे. नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस थांबायचं, बारा ते पंधरा हजारांवर आणखी चार, त्याच्या वर आणखी चार. एकूण चौदा. सुरुवातीचे दोन दिवस तर निव्वळ विश्रांती; मग सपाटीवर चालणं, मग थोडा थोडा चढ. घाई करणाऱ्या उत्साही तरुणाला दटावून बसवण्याचं काम डॉक्टरचंच. याला इंग्रजीतून आलेला लांबलचक शब्द आहे, अक्लमटायझेशन. आपण 'मुरणं' म्हणू. कैरीच्या फोडींवर मसाला घातला म्हणजे लोणचं झालं असं होत नाही, ते मुरावं लागतं.

मुरलेलं शरीर बदललेलं असतं. रक्तात तांबड्या पेशी वाढलेल्या असतात, श्वासाची लय वेगळी झालेली असते. खाली आल्यावर हे सगळं उलट फिरायला वेळ लागतो. त्या काळात बऱ्याच जणांना थकवा येतो, भरदुपारी झोप येते, लक्ष लागत नाही. काही आठवड्यांत ते बहुतेक ओसरतं. पण पुण्यात पहिल्याच रविवारी दुपारी सोफ्यावर डुलक्या घेणारी सून पाहून पाहुण्यांना वाटतं, हिला आमच्याशी बोलायचंच नाहीये.

दुसरी बाजूही लक्षात घ्या. लांबलेल्या रजेवरून वर परतणाऱ्याला पुन्हा मुरावं लागतं. "मी तर तिथेच राहत होतो" हे फुप्फुसं ऐकून घेत नाहीत. शरीर किती लवकर विसरतं हे सैन्याला नीट माहीत आहे, म्हणून वर जाण्याचा तक्ता आहे. खाली, घरी येण्याचा नाही. तिथे आहे फक्त लेह-दिल्ली विमान, दीड तासाचं.

कुकर आणि झेलम एक्स्प्रेस

शेवटची शिट्टी झाली, गॅस बंद केला, तरी कुकर आपण लगेच उघडत नाही. वाफ जिरू देतो. अफगाणिस्तानातून परतणाऱ्या ब्रिटिश सैनिकांना थेट घरी न पाठवता सायप्रस बेटावर दिवस-दीड दिवस थांबवत. समुद्रात पोहणं, सोबतच्या माणसांबरोबर जेवण, थोडी बिअर, आणि घरी गेल्यावर काय जड जाऊ शकतं यावर छोटंसं बोलणं. कॅनडाच्या सैन्याचंही असंच, त्यांचा मुक्काम काही दिवसांचा. याला ते 'डीकम्प्रेशन' म्हणतात, म्हणजे वाफ जिरवणं. एवढ्याने पुढचे मानसिक त्रास कितपत टळतात यावर तज्ज्ञांचं एकमत नाही, पण थांबा बरा वाटला असं सांगणारे सैनिक पुष्कळ.

आपल्याकडे हा थांबा कुणी ठरवून दिला नव्हता, तो आपसूक होता. डोंगरातून ट्रक, ट्रान्झिट कॅम्पमध्ये एखादी रात्र, मग जम्मूतवीहून पुण्याची झेलम एक्स्प्रेस. दोन रात्रींचा प्रवास. डब्यात निम्मे लोक फौजी. पत्ते, भुईमुगाच्या शेंगा, वरच्या बर्थवर ताणून दिलेली झोप. मनमाड येईपर्यंत माणूस बराचसा नागरिक झालेला असायचा. विमानाने वेळ वाचला हे खरंच, आणि मला कुणी विचारलं तर मीही विमानानेच जाईन. पण वाचलेल्या दोन रात्री पुढे घरात वसूल होतात.

इकडे घरही मुरलेलं असतं

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि त्याबद्दलच सगळ्यात कमी बोललं जातं. आपण समजतो की गेलेला माणूस बदलतो आणि घर होतं तसं वाट पाहत थांबतं. घर थांबत नाही. ते त्या माणसाशिवाय जगायला शिकतं, शिकावंच लागतं.

आमच्या उदाहरणातल्या नवऱ्याने दोन वर्षांत काय काय बसवलं असेल बघा. व्हॅनवाल्या काकांचे पैसे कधी द्यायचे, लेकीला कुठली भाजी डब्यात दिली की ती परत येते, शाळेच्या ग्रुपवर कुठल्या आईला विचारलं की खरी माहिती मिळते. सासूबाईंच्या गुडघ्यासाठी मसाल्याचा डबा खालच्या कप्प्यात आला. रात्री लेक दचकून उठली की "बाबा" अशी हाक मारते. या सगळ्याला दोन वर्षं लागली आणि त्यात दोघांच्याही झोपा गेल्या. आता मेजर घरी येते, सवयीने वरचं कपाट उघडते, डबा सापडत नाही. ती डबा वर ठेवते. कुणी काही बोलत नाही. दुसऱ्या दिवशी डबा पुन्हा खाली असतो.

भांडण डब्यावरून होतं, पण ते डब्याचं नसतं. तिला वाटतं, माझ्याच घरात मी पाहुणी. त्याला वाटतं, दोन वर्षं मी रेटलं आणि ही आल्या आल्या चुका काढते. दोघंही बरोबर. दोघंही आपापल्या हवेत नीट मुरलेले, आणि तीच तर अडचण.

मुलांचं वयाप्रमाणे वेगळं. तान्हं बाळ ओळखत नाही, रडतं. तीन-चार वर्षांचं पोर रुसतं, कारण त्याच्या हिशेबात आई 'निघून गेली' होती. शाळकरी मूल कधी चिकटून बसतं, कधी तपासून पाहतं: मी हट्ट केला तर ही पुन्हा जाते का? मोठी मुलं खोलीचं दार लावून घेतात. पायांमागे उभी राहिलेली ती लेक आईवर प्रेम करत नाही असं नाही. ती तिचे पहिले दोन दिवस विश्रांतीचे घेते आहे, तक्त्याप्रमाणे.

"पण रोज व्हिडिओ कॉल तर व्हायचा!"

हा आक्षेप हमखास येतो. आणि खरंच, पूर्वीपेक्षा सोपं झालंय. भारताचं ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स हे पथक लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या नेतृत्वाखाली १९५० मध्ये कोरियाच्या युद्धात गेलं आणि तीन वर्षांहून अधिक काळ तिथे राहिलं. त्यांच्या घरच्यांना आधार पत्रांचाच.

तरी कॉलमध्ये एक मेख आहे. दहा मिनिटांच्या कॉलवर दोन्हीकडचे लोक चांगलंच दाखवतात. ती सांगत नाही की आज हेलिकॉप्टर आलं नाही. तो सांगत नाही की आईची शुगर वाढली आहे. दोघंही एकमेकांना जपतात आणि दोन वर्षांनी समोरासमोर आल्यावर एकमेकांच्या आयुष्यातले मधले मधले तुकडेच गायब असतात.

पॉलीन बॉस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांवर काम केलं. त्यातून एक कल्पना पुढे आली, आपण तिला 'संदिग्ध वियोग' म्हणू. माणूस घरात नाही पण मनात आहे, हा एक प्रकार. माणूस घरात आहे पण मनाने नाही, हा दुसरा. सैन्यातल्या घराला हे दोन्ही लागोपाठ भोगावे लागतात. आधी ती भिंतीवरच्या फोटोत असते आणि सगळे तिच्याबद्दल बोलतात. मग ती सोफ्यावर असते आणि खिडकीबाहेर बघत असते.

वर्गवारी करणारं डोकं

आतापर्यंतचं कुठल्याही सैनिकाला लागू पडेल, बोटीवरून आलेल्या मर्चंट नेव्हीवाल्याला किंवा आखातातून आलेल्या कोकणातल्या माणसालाही बरंचसं. डॉक्टरचं वेगळं काय?

एकाच वेळी पाच जखमी आले आणि हात दोनच असले तर कुणाला आधी घ्यायचं, हे ठरवण्याला 'ट्रायाज' म्हणतात. वर्गवारी. ज्याला लगेच हात लावला नाही तर जाईल तो आधी. जो ओरडतोय तो थांबू शकतो, कारण ओरडणाऱ्याचा श्वास चालू आहे. हे क्रूर वाटतं, पण यानेच जीव वाचतात. असं डोकं रोज वापरलं की ते घरी येताना बॅगेसारखं दाराशी ठेवता येत नाही.

लेकीचा गुडघा फुटतो. आई एका नजरेत बघते: हाड ठीक, टाके नकोत, धुऊन टाक. "काही नाही झालं." वैद्यकीय निदान शंभर टक्के अचूक. पण पोरीला निदान नको होतं, फुंकर हवी होती. नवरा सोसायटीच्या पार्किंगचा वाद तावातावाने सांगतो आणि ती मनातल्या मनात त्याला 'थांबू शकतो' या रांगेत टाकते. तिच्या चेहऱ्यावर ते दिसतं. घरातली कुठलीच तक्रार मग तिच्या लेखी तातडीची उरत नाही.

याची उलटी बाजू रात्रीची. दोन वाजता कुठेतरी फोन वाजला की ती पलंगावर उठून बसते, चपलांमध्ये पाय जातात. उंचावर रात्रीचा फोन म्हणजे कुणाला तरी खाली हलवायचं आहे, आणि हेलिकॉप्टर उजाडल्याशिवाय, हवा उघडल्याशिवाय येणार नाही. तोवर प्राणवायू, औषधं आणि फुगवायची दाब-पिशवी (रुग्णाला आत झोपवून दाब वाढवला की शरीराला तो खाली उतरल्यासारखा वाटतो) एवढ्यावर रात्र काढायची. पुण्यात तो फोन पिझ्झावाल्याचा असतो, चुकून लागलेला. हे शरीराला पटायला वेळ लागतो.

"ती काही लढायला गेली नव्हती"

असं थेट कुणी म्हणत नाही, पण सुरातून कळतं. डॉक्टर म्हणजे मागे तंबूत, सुरक्षित.

३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचिनमध्ये १९,६०० फुटांवरच्या सोनम चौकीवर हिमकडा कोसळला आणि दहा जवान गाडले गेले. लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद सहा दिवसांनी जिवंत सापडले, पण ११ फेब्रुवारीला दिल्लीत त्यांचं निधन झालं. त्या दहांमध्ये साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशी होते. ते नर्सिंग असिस्टंट होते, चौकीवर औषधपाणी बघणारा माणूस. जुलै २०२३ मध्ये सियाचिनमध्येच लागलेल्या आगीत सहकाऱ्यांना बाहेर काढताना कॅप्टन अंशुमन सिंग गेले. ते एएफएमसीत शिकलेले डॉक्टर होते. त्यांना मरणोत्तर कीर्तिचक्र मिळालं.

आणि धोका फक्त स्वतःच्या जिवाचा नसतो. मराठीत एक छान शब्द आहे, 'सल'. जे करायला हवं होतं ते करता आलं नाही, कदाचित कुणालाच आलं नसतं, तरी मनात टोचत राहतं ते. हवा बिघडली, हेलिकॉप्टर चार तास उशिरा आलं, मुलगा बावीस वर्षांचा होता. मानसशास्त्रात याला 'मॉरल इंज्युरी', नैतिक जखम, असं नाव आहे. ती भीतीतून येत नाही, जबाबदारीतून येते. त्यामुळे "आता घाबरू नकोस, तू घरी आहेस" याने ती बरी होत नाही.

मुक्काम लहान असला तरी हे टळत नाही. ६ फेब्रुवारी २०२३ च्या तुर्कस्तानातल्या भूकंपानंतर 'ऑपरेशन दोस्त'मध्ये ६० पॅरा फील्ड हॉस्पिटलचं ९९ जणांचं पथक हताय प्रांतातल्या इस्केंदेरूनमध्ये गेलं आणि दोनेक आठवड्यांत परतलं. ढिगाऱ्याखालून काढलेल्या माणसांवर रात्रंदिवस उपचार करून आल्यावर सोमवारी ओपीडी सुरू. "पंधराच दिवस तर गेला होतात," म्हणणारे भेटतातच.

म्हणूनच पहिल्याच आठवड्यात सोसायटीत शाल-श्रीफळ देऊन सत्कार आणि "मॅडम, तिकडचा एखादा थरारक अनुभव सांगा ना" हे मला खटकतं. भावना चांगली असते. पण थरारक अनुभव बहुधा सलाच्या शेजारीच ठेवलेला असतो. सत्कार दोन महिन्यांनी केला तर नारळ काही नासत नाही.

मग हा आजार म्हणायचा का?

बहुतेक वेळा नाही. चिडचिड, उडालेली झोप, घरात अवघडलेपण हे मुरण्याचे दिवस आहेत, जसा उंचीवर पहिल्या रात्री डोकं दुखणं हा आजार नसतो.

पण उंचीवर डोकेदुखी कधी साधी आणि कधी धोक्याची हे जसं बघतात, तसं इथेही बघावं. नको असलेली दृश्यं पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणं, त्याची आठवण देणाऱ्या जागा आणि माणसं टाळणं, मन बधिर होणं, सतत दचकणं; हे एक महिन्याच्या वर टिकलं आणि काम किंवा घर चालेनासं झालं तर तो आघातोत्तर तणावाचा विकार, म्हणजे पीटीएसडी असू शकतो. त्यावर उपचार आहेत. रोज दारू लागू लागली किंवा जगणं नकोसं झाल्याचं बोलणं निघालं तर महिनाही थांबायचं नाही. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक कुणालाही चालतो, घरच्यांनाही. २०२३ च्या अखेरीस सैन्यदलांसाठी त्याचा वेगळा कक्ष पुण्यात एएफएमसीतच सुरू झाला.

"स्वतः डॉक्टर आहे, तिला कळत नाही?"

कळतं. म्हणूनच अडतं.

सैन्यात प्रत्येकाची तंदुरुस्ती 'शेप' या पाच अक्षरी मापात मोजतात: एस मानसिक स्थिती, एच श्रवण, ए हातपाय, पी एकूण शरीर, ई दृष्टी. एखाद्या अक्षराची श्रेणी घसरली की माणूस 'लो मेडिकल कॅटेगरी'त जातो आणि बढती, बदल्या यांवर त्याची सावली पडते. ही श्रेणी ठरवणाऱ्या कागदांवर सह्या करणारे डॉक्टरच. त्या 'एस'वर शिक्का बसलेल्या माणसाकडे मेसमध्ये कसं बघतात हे तिने स्वतः पाहिलेलं असतं. मग ती स्वतःसाठी ओळखीच्या मित्राला गुपचूप फोन लावते, किंवा तेही करत नाही.

शिवाय तुकडीत इतर सगळे डॉक्टरकडे येऊन मन मोकळं करतात. डॉक्टर साबनी कुणाकडे जायचं, ही खुर्ची रिकामीच असते. घरी आल्यावर ती खुर्ची नवऱ्यासमोर एकदम मांडली जाते आणि त्याला काहीच शिकवलेलं नसतं. त्याने फार काही करायची गरजही नाही. "काय झालं सांग" पेक्षा "मी चहा टाकतोय, घेणार?" जास्त उपयोगी पडतं. ती सांगेल, बहुधा भांडी आवरताना, पाठमोरी असताना.

किती दिवस लागतात?

अमेरिकी सैन्यातल्या मानसोपचारतज्ज्ञांनी २००१ मध्ये मोहिमेच्या काळातलं कुटुंबाचं भावनिक चक्र पाच टप्प्यांत मांडलं. परतल्यानंतरच्या शेवटच्या टप्प्याला त्यांनी तीन ते सहा महिने धरले.

आता हा आकडा रजेशेजारी ठेवा. मुरायला तीन महिने, वार्षिक रजा फार तर साठ दिवस, तीही बहुधा तुकड्यातुकड्यांत. म्हणजे रजेवर आलेलं माणूस घरात पुरतं मुरण्याआधीच परत निघतं. बदलून कायमचं येणं त्यामानाने सोपं, त्यात निदान वेळ तरी असतो. मसाल्याचा डबा कुठे राहणार हे तिसऱ्या महिन्यात ठरलं तरी चालतं. पहिले काही दिवस तो आहे तिथेच असू द्यावा आणि तिने फक्त विचारावं, कुठे ठेवलाय. घरातली कामं एकदम काढून घेण्यापेक्षा एक नवंच काम घ्यावं, जे आजवर कुणाचंच नव्हतं: रविवारची पोहायची शिकवणी, रात्रीची एक गोष्ट.

रजेत मात्र घाई असते, आणि घाईत सगळ्यांना सगळं करायचं असतं: कुलदैवत, मामाकडचं लग्न, दातांचा डॉक्टर, फ्लॅटचे कागद. शेवटच्या आठवड्यात लेक कारण नसताना भांडू लागते, "तू जा ना मग" म्हणते. ती उद्धट झालेली नसते. आईने जायच्या आधी आपणच सोडलं की कमी लागतं, हे तिला मागच्या खेपेला कळलेलं असतं. त्या आठवड्यात तिला शिस्त लावायला जाऊ नये. आणि ती मोठी हिरवी बॅग जायच्या आदल्या रात्रीपर्यंत माळ्यावरच असू द्यावी.